कवितेतला दम : नववीच्या वर्गातील प्रकल्प नोंदी

१९ जून

वर्गाला कोरा कागद दिला आणि एवढंच लिहायला सांगितलं : 'माझ्या मते वीर कोण, आणि का?' नाव घालायचं नव्हतं. कागद घरी आणून वाचले. शिवाजी महाराज, तानाजी, झाशीची राणी, सीमेवरचा जवान, काही क्रिकेटपटू. एका कागदावर 'माझी आजी' आणि पुढची जागा मोकळी. बाकीच्यांनी कारणं भरभरून दिली होती, पण ती सगळी एकाच साच्यातली : शूर, धाडसी, पराक्रमी, निर्भय, जिगरबाज. कुणाच्याही कागदावर गुडघा नव्हता, तळहात नव्हता, धाप नव्हती.

मला प्रकल्प करायचा आहे तो नेमका इथे. पराक्रम माणसाच्या शरीरात घडतो. छाती भरून येते, पोटऱ्यांत गोळे येतात, पकड सुटायला लागते आणि तरी माणूस पुढचं पाऊल टाकतो. कवितेलाही शरीर असतं : ठोका, श्वास, थांबा. आपण वर्गात कविता बसून, मनातल्या मनात वाचतो, तिचा अर्थ वहीत उतरवतो आणि तिचं शरीर बाकाखालीच राहून जातं. या सत्रात आठवड्यातले दोन तास कविता उभं राहून, चालून, धापा टाकत वाचायची. मग स्वतः लिहायचं. लिहिण्याचा नियम एकच ठेवला आहे : आधी क्रियापदं. विशेषण हवंच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि त्याची गरज मला पटवून द्यायची.

२५ जून

भुजंगप्रयात वृत्त मैदानावर.

फळ्यावर लघू-गुरूच्या खुणा करून गण पाडायला मुलं शिकतात आणि परीक्षेत ते बरोबरही लिहितात, पण कानात वृत्त वाजत नाही. आज लघूला आखूड पाऊल, गुरूला लांब पाऊल. एक लघू, मग दोन गुरू, असं चारदा : यमाचा, यमाचा, यमाचा, यमाचा. बारा अक्षरं, बारा पावलं, मग वळायचं. सुरुवातीला धक्काबुक्की आणि हसाहशी झाली. थोड्या वेळाने सगळी रांग एका ठेक्यात चालायला लागली, तेव्हा समर्थांच्या मनाच्या श्लोकांवर आलो. ते बहुतेकांना पाठ आहेत. दोनशे पाच श्लोक याच चालीत आहेत हे सांगितल्यावर एकीने विचारलं, "बाई, म्हणजे हे चालता चालता म्हणायला केलेत का?" कशासाठी रचले ते सांगता येत नाही, पण चालता चालता म्हटले तर दमायला होत नाही, हे तिने स्वतःच्या पायांनी शोधलं. बलोपासना सांगणाऱ्या संताच्या ओळी पायात बसाव्यात, याचा मला आनंद झाला.

३ जुलै

आज पोवाडा. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. शिवकाळातल्या दोन रचनांमधले उतारे निवडले : अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधावरचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडावरचा. भाषा जुनी आहे, काही शब्द मीही कोशात पाहून आले. अर्थ मोजक्या शब्दांत सांगितला आणि थेट म्हणायला घेतलं.

मोठ्या आवाजाचा एक मुलगा शाहीर झाला. पहिल्यांदा त्याला एकट्यालाच म्हणायला लावलं, मागून साथ देणाऱ्या झीलकऱ्यांशिवाय. उभ्याने, खणखणीत, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं पाहिजे अशा आवाजात. चार-पाच ओळींत आवाज उतरला, ओळीची शेपटं गिळली जायला लागली, कान लाल झाले. मग सहा जणांना मागे उभं केलं आणि ओळ संपली की 'जी जी जी' उचलायला सांगितलं. तोच उतारा तो शेवटपर्यंत म्हणाला आणि शेवटची ओळ पहिलीपेक्षा चढी निघाली.

खाली बसल्यावर म्हणाला, "बाई, जी जी हे माझ्यासाठी आहे. ऐकणाऱ्यांसाठी नाही."

एक मुलगी लगेच उठली : ऐकणाऱ्यांसाठीसुद्धा आहे. कडा चढताना काय होणार या धास्तीने आपणही श्वास धरून बसलेलो असतो, तो तिथे सोडता येतो. दोघांचं पटेना आणि मी मध्ये पडले नाही. मला वाटतं दोघंही बरोबर आहेत. शाहिराचा दम टिकावा म्हणून केलेली सोय आपोआप ऐकणाऱ्याचाही विसावा होते. पुस्तकात पोवाडा वाचताना झील आपण गाळून टाकतो, निरर्थक म्हणून. यापुढे माझ्या वर्गात ती गाळली जाणार नाही.

११ जुलै

दोन घोडदौडी शेजारी शेजारी ठेवल्या.

एक नेसरीची. २४ फेब्रुवारी १६७४, सरनौबत प्रतापराव गुजर. बहलोलखानाला पकडूनही सोडून दिल्याबद्दल महाराजांनी कडक शब्दांत बोल लावला, आणि तो जिव्हारी लागून प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर चालून गेले व मारले गेले, अशी हकीकत. कुसुमाग्रजांची त्यावरची कविता गाणं होऊन मराठी घराघरांत पोचली आहे. मुलांना ती शिकवावी लागली नाही.

दुसरी बालाक्लाव्हाची. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियाचं युद्ध. चुकीच्या समजुतीने पोचलेल्या हुकमावरून इंग्रजांचं हलकं घोडदळ थेट तोफांच्या तोंडी गेलं. इंग्रज कवी टेनिसनने त्याच वर्षी, डिसेंबरात त्यावरची कविता छापली. इंग्रजीच्या बाईंना बोलावून मूळ वाचून घेतली. आधी नुसता आवाज ऐकायला लावला, अर्थ नंतर. मैदानावर पाय घासलेल्या मुलांना फरक चटकन कळला : इथे ठोका आधी आणि मग दोन हलकी अक्षरं, भुजंगप्रयाताच्या उलट. एकाने बाकावर बोटांनी टापा वाजवून दाखवल्या. पहिला टाप जोराचा.

मग खरा तास सुरू झाला. प्रश्न मुलांनीच काढला. आपण मरणार हे ठाऊक असताना, आणि मरून काही साधणार नाही हेही ठाऊक असताना जाणं, हे शौर्य की अविचार?

एक गट म्हणाला, सेनापतीने असं करणं चूक, त्याच्यामागे फौज आहे. दुसरा म्हणाला, शब्द लागला तर लागला, माणूस आहे. एक मुलगी म्हणाली की दोन्ही कवितांत कवी त्या निर्णयाची चूक झाकत नाहीत. आपल्या कवितेत वेड आहेच, इंग्रजी कवितेत कुणीतरी चुकलं हे सैनिकांना कळतं असंही येतं. तरी दोन्ही कविता दौडीच्या बाजूने आहेत, कारण त्यांचा ठेका दौडीचा आहे. "कवी डोक्याने एक सांगतो आणि पायाने दुसरं." हे वाक्य मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि घंटा झाली तरी पुसलं नाही.

वीररसाच्या कवितेपुढे मुलांना प्रश्न विचारू देऊ नये, त्याने भावना उणावते, असं मानणारे शिक्षक आहेत. माझा अनुभव वेगळा. वाद घालून झाल्यावर कविता पुन्हा म्हटली, तेव्हा आवाजात भरती होती आणि डोळ्यांत विचारही होता.

१२ जुलै

इतिहासाचे सर म्हणाले, बखरीतला प्रसंग आणि कवितेतला प्रसंग यांत फरक आहे हे मुलांना दाखवा. बरोबर आहे. पुढच्या तासाला बखरीतला उतारा देणार.

१९ जुलै

जातं आलं. एका मुलीच्या घरून, तिचे वडील आणि काका टेम्पोत घालून घेऊन आले. वर्गाच्या मध्यभागी पोतं अंथरून त्यावर मांडलं. खुंटा घट्ट आहे का ते तिच्या आईने स्वतः येऊन पाहिलं, मूठभर ज्वारी जात्यात घातली आणि दोन फेरे फिरवून दाखवले.

मुलांना वाटलं, हे काय, दगड फिरवायचा. पहिला उठला तो कबड्डीच्या संघातला. उजव्या हाताने जोर लावून भराभरा फिरवलं, पीठ भरड पडलं आणि थोड्याच वेळात खांदा धरून बसला. त्या आई म्हणाल्या, "जोर नको, लय धर." मग त्यांनी फिरवता फिरवता एक ओवी म्हटली. ओळ फेऱ्यांवर बसत होती. हात पुढे जाताना शब्द, हात जवळ येताना श्वास. त्याला म्हटलं, आता फिरवत फिरवत म्हण. ओळीच्या मधोमध त्याचा श्वास तुटला. पुन्हा तुटला. जातं हळू केलं तेव्हा ओळ पुरी झाली, पण पीठ पडेना. जातं आणि ओळ दोन्ही चालू ठेवायचं कौशल्य वेगळंच आहे, हे सगळ्या वर्गाने दोन हातांच्या अंतरावरून पाहिलं.

हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे सांगितलं. वर्ग जरा वेळ गप्प होता. मग कुणीतरी म्हणालं, "एवढं दळण?" प्रश्न अगदी नेमका होता. ओव्यांची संख्या ऐकून त्याला दळण दिसलं. पहाटे उठून, उपाशीपोटी, वर्षानुवर्षं.

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. म्हणाली, 'माझी आजी' लिहिलेला कागद तिचा होता, आणि कारण काय लिहावं ते तेव्हा कळलं नव्हतं. मी म्हटलं, आता लिही. ती म्हणाली, आजीला आधी विचारते, तिचे खांदे कधीपासून दुखतात.

२६ जुलै

पीटीच्या सरांबरोबर जोड तास. मैदानाला एक फेरी धावायची, थांबायचं आणि लगेच चार ओळी मोठ्याने म्हणायच्या. ज्यांना वैद्यकीय कारणाने पळायचं नाही त्यांनी ऐकायचं आणि ओळ कुठे तुटली तिथे कागदावर रेघ मारायची. या कागदांचा पुढे फार उपयोग झाला. कुठे श्वास तुटतो त्याचा नकाशाच हाती आला. लांब ओळी लिहिणाऱ्यांनी आपापल्या ओळी लगेच मोडल्या.

२ ऑगस्ट

हिरकणी. आख्यायिका सगळ्यांना माहीत : रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि जिथून कुणी उतरू शकत नाही असा कडा. गडावरच्या बुरुजाला तिचं नाव आहे.

पहिल्या खेपेला बहुतेकांनी हे लिहिलं. एका मुलीचा नमुना, तिच्या परवानगीने :

धाडसी हिरकणी निर्भय होऊन
भयाण कडा ती गेली उतरून
बाळासाठी तिने केला पराक्रम
आईच्या प्रेमाला आमचा प्रणाम

यमक आहे, भावना खरी आहे, पण ती उतरताना दिसत नाही. मी काहीच न सुधारता प्रश्न विचारले. आधी कुठला पाय खाली गेला? तोंड दरीकडे की कड्याकडे? हाताला काय लागलं? अंधारात पायाला कसं कळलं की दगड पक्का आहे? गडकिल्ले हिंडणारा एक मुलगा बाकावर चढून उभा राहिला आणि उतरून दाखवलं : कठीण कडा उतरताना तोंड दगडाकडे असतं, त्यामुळे पाय जिथे टाकायचा ती जागा दिसतच नाही. पाय आंधळा असतो, तोच चाचपतो. मग अर्धा वर्ग बाकांवरून उलटा उतरायला लागला. ते मी होऊ दिलं.

आज त्याच मुलीने दुसरा खर्डा आणला :

पोट दगडाला, तोंड दगडाला,
डावा पाय खाली जागा शोधतो.
सापडत नाही.
उजव्या पोटरीत कळ चढते.
सापडते, तर दगड हलतो.
दिवसभराचं दूध छातीत दाटलंय,
चोळी भिजलीय.
डावा पाय पुन्हा शोधतो.

शौर्य सांगणारं एकही विशेषण नाही. 'पराक्रम' नाही, 'आईचं प्रेम' नाही. दूध दाटल्याची ओळ कुठून आली, विचारलं. म्हणाली, "आईला विचारलं, दिवसभर बाळाला पाजलं नाही तर काय होतं." आख्यायिकेत दूध विकायला आलेल्या बाईच्या अंगातलंही दूध असतं, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ही ओळ वर्गात वाचताना काही मुलगे खाली बघायला लागले, पण हसलं कुणी नाही.

९ ऑगस्ट

खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण जपानच्या इशीईला, रौप्य सोव्हिएत संघाच्या मामदबेकोवला. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे गोळा करावे लागले, त्यात गावकऱ्यांचा हात होता.

पोवाडा तिसऱ्या आलेल्याचा होतो का, हा प्रश्न टाकला. बहुमत 'होतो' असं पडलं, पण कारण कुणाला नीट सांगता येईना. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा बोलला. तो तालमीत जातो आणि मराठीच्या तासाला कधी तोंड उघडत नाही. म्हणाला, कुस्तीत हरलेला काय करतो ते तुम्ही बघत नाही, सगळे जिंकलेल्याला बघतात. हरलेला उठतो, अंगावरची माती झाडतो आणि हात मिळवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जोर मारायला येतो. पोवाडा तिथे सुरू करा.

त्याला फळ्याशी बोलावलं आणि क्रियापदं मागितली. शड्डू ठोकणं, खडाखडी, पट काढणं, कब्जा घेणं, ढाक लावणं, घिस्सा मारणं, पाठ टेकणं. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. प्रत्येकाचा अर्थ त्याने नुसता सांगितला नाही, मित्राला पुढे घेऊन करून दाखवला. मराठीच्या वर्गात ज्याला शब्द येत नाहीत असा आम्हा शिक्षकांचा समज होता, त्याच्याकडे आमच्यापैकी कुणाकडेही नसलेला शब्दसाठा होता. तो आजवर कुणी मागितला नव्हता, एवढंच.

गटाने पोवाड्याचं पहिलं कडवं रचलं. ते पहाटेच्या तालमीत सुरू होतं.

१४ ऑगस्ट

दम्यामुळे पीटीला बसून राहणारा एक मुलगा आहे. २६ जुलैला रेघा मारण्याचं काम त्याने सगळ्यात बारकाईने केलं होतं. कुणाचा श्वास शब्दाच्या मध्ये तुटला, कुणी तो लपवला, सगळं टिपलं होतं. आज त्याने न मागता कविता दिली :

आत येतो.
अडतो.
बाहेर
जायला वेळ.
मैदानावर
सगळे पुढे.
मी मोजतो.
चार.
पाच.
पुढची ओळ
थांबा,
येतेय.

ओळी एवढ्या आखूड का, हे विचारायची गरज पडली नाही. त्याने स्वतःच वाचली, सावकाश, प्रत्येक ओळीनंतर हवा तेवढा थांबून. ज्या वर्गाला दोन क्षण शांत बसवणं कठीण जातं, तो वर्ग त्याच्या थांब्यांमध्ये थांबला. वाचून झाल्यावर कुणीतरी उत्साहाने म्हणालं, "तूच खरा वीर!" तो म्हणाला, "नको रे. मी कसा श्वास घेतो ते लिहिलंय."

हे फार महत्त्वाचं आहे आणि स्वतःसाठी लिहून ठेवते. शारीरिक अडचण असलेल्या मुलाला वर्गात उभं करून त्याचं कौतुक करणं सोपं आहे. त्याला ते हवं आहे का, हे विचारलं पाहिजे. त्याला चांगली कविता लिहिणारा म्हणून ओळखलं जायला हवंय, आणि कविता चांगलीच आहे. 'थांबा' या शब्दाआधी ओळ तोडणं हे भल्याभल्यांना सुचत नाही.

याच तासाला मुरलीकांत पेटकरांचीही माहिती दिली : १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेले जवान, १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. दोन मुली त्यांच्यावर लिहीत आहेत. पदकाचा क्षण नको, पाण्यात पहिल्यांदा उतरतानाचा लिहा, असं सुचवलं. त्यांचं ठरायचंय.

३० ऑगस्ट

सादरीकरण झालं. खाशाबांच्या पोवाड्याला डफ मिळाला, तुणतुणं नाही, ते काम एकाने तोंडाने केलं. झीलकरी म्हणून सगळा वर्ग. हिरकणीची कविता तिघींनी मिळून वाचली : एक हात, एक पाय, एक छाती. प्रतापरावांवर दोन गटांनी दोन कविता केल्या, एक दौडीच्या बाजूची, दुसरी मागे राहिलेल्या फौजेच्या बाजूची. दुसरी मला अधिक आवडली. सरदार गेल्यावर छावणीत कोण हुकूम देणार, एवढाच तिचा विषय आहे.

आजीवरची कविता पूर्ण झालेली नाही. मुलीने सांगितलं, आजी अजून सांगतेय. मुदत वाढवून दिली.

४ सप्टेंबर

गुणांचं काय करायचं, यावर सहकाऱ्यांशी चर्चा. आशय, भाषा, सादरीकरण अशा नेहमीच्या रकान्यांत हे बसत नाही. मी तीन गोष्टी पाहणार आहे : कवितेतलं शरीर दिसतं का, ओळ म्हणताना श्वास जिथे लागतो तिथे तुटते का, आणि पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्यापर्यंत मुलाने स्वतः काय बदललं. खर्डे सगळ्यांनी जपून ठेवलेत, त्यामुळे तिसरी गोष्ट पाहता येईल. यमक, शुद्धलेखन तपासेन, पण गुण त्यावर कापणार नाही. एका सहकाऱ्याचं मत असं की वीररसात ओज हवं आणि आमच्या कवितांत ते कमी आहे. त्यांना हिरकणीचा दुसरा खर्डा मोठ्याने वाचायला दिला. 'पाय पुन्हा शोधतो' इथपर्यंत आले आणि म्हणाले, पुढचं कुठे आहे? पुढचं नाही, तिथेच थांबते, असं सांगितलं. मत त्यांनी बदललं नाही, पण कवितेची प्रत मागून घेतली.

पुढच्या सत्रासाठी : नारायण सुर्वे यांच्या कविता, म्हणजे गिरणी आणि गोदीतली शरीरं वर्गात येतील. जातं परत पाठवायचं आहे, टेम्पो शनिवारी येणार. तालमीतल्या मुलाने विचारलंय की क्रियापदांची यादी शाळेच्या हस्तलिखितात घेता येईल का. संपादक मंडळात त्यालाच घेतलं आहे.